स्वादुपिंडाच्या शेपटीतील एक दुर्मिळ सिस्ट : शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय कसा झाला

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील ५४ वर्षांचे एक शेतकरी, ज्यांच्याकडे थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या-मेंढ्यांचा लहानसा कळप आहे, पोटाच्या वरच्या भागात डावीकडे जडपणा आणि जेवणानंतर होणारी जळजळ अशी तक्रार घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत शस्त्रक्रियेचा लेखी सल्ला आधीपासूनच होता. त्रास साधारण तीन महिन्यांचा होता. जिल्ह्याच्या गावी केलेल्या सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या शेपटीजवळ गाठ दिसली, म्हणून सीटी स्कॅन झाला आणि त्यात ४.६ सेंटिमीटरची, आतून पूर्णपणे पाण्यासारखी नसलेली सिस्ट, म्हणजे आत द्रव किंवा दाट पदार्थ असलेली पिशवीसारखी गाठ, आढळली. रक्तातील सीए १९-९ हा, स्वादुपिंडाच्या कर्करोगातही वाढणारा घटक ९४ आला होता. याची नेहमीची वरची मर्यादा ३७ धरतात. या सगळ्याची बेरीज करून एका शल्यचिकित्सकांनी स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग प्लीहेसह काढून टाकावा असे सुचवले होते. (रुग्णाची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तो सल्ला चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. चार सेंटिमीटरपेक्षा मोठी सिस्ट, वाढलेला सीए १९-९ आणि पोटात दुखणे ही तीन वाक्ये एका कागदावर आली की कोणत्याही शल्यचिकित्सकाच्या मनात श्लेष्मा (चिकट, बुळबुळीत स्राव) तयार करणाऱ्या सिस्टचा, म्हणजे पुढे कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या गाठीचा विचार प्रथम येतो, आणि तो यायलाच हवा. प्रश्न एवढाच होता की ही तीन वाक्ये खरोखर एकमेकांशी जोडलेली आहेत, की योगायोगाने शेजारी येऊन बसली आहेत.

म्हणून सुरुवात दुखण्यापासून केली. सविस्तर विचारल्यावर असे कळले की गुडघेदुखीसाठी ते अनेक महिने औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून उपाशीपोटी घेत होते. दुर्बिणीने जठराची तपासणी केली तेव्हा जठराच्या खालच्या भागात एक उथळ व्रण आढळला. त्याच्या कडांचे तुकडे तपासून कर्करोग नसल्याची खात्री करून घेतली, गोळ्या बंद केल्या आणि आम्ल कमी करणारे औषध दिले. सहा आठवड्यांत जळजळही गेली आणि जडपणाही गेला. सिस्ट मात्र जागच्या जागी होती. ज्या लक्षणामुळे ती सापडली ते लक्षण तिचे नव्हतेच, आणि यामुळे सगळ्या प्रकरणाचा तोल बदलला, कारण लक्षण देणाऱ्या सिस्टला लावायचा नियम आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत योगायोगाने सापडलेल्या सिस्टला लावायचा नियम एक नसतो. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये अशा अनपेक्षित सिस्ट शंभरातल्या दोन-तीन जणांना दिसतात, आणि वय वाढते तसे हे प्रमाण वाढत जाते.

आता सिस्टकडे वळू. आपल्याकडे स्वादुपिंडात पाण्याची गाठ दिसली की सर्वात आधी विचार करायचा तो स्वादुपिंडाच्या दाहानंतर बनणाऱ्या खोट्या सिस्टचा, जिला स्वतःचे अस्तर नसते. हे गृहस्थ तंबाखू खातात, दारू पीत नाहीत. पाठीत जाणारी तीव्र पोटदुखी आणि उलट्या होऊन त्यांना कधी दवाखान्यात दाखल करावे लागलेले नाही, पित्ताशयात खडे नाहीत, स्वादुपिंडात कॅल्शियमचे ठिपके नाहीत आणि त्याची मुख्य नलिका सरळ व बारीक आहे. दाहाचा इतिहासच नसताना खोटी सिस्ट म्हणणे म्हणजे निदान सोडून देऊन सोयीचे नाव घेणे होय, आणि ही गफलत आपल्याकडे पुष्कळदा होते.

राहिले ते खऱ्या अस्तराच्या सिस्ट. नलिकेशी जोडलेली, श्लेष्मा बनवणारी आणि नलिका फुगवणारी गाठ येथे दिसत नव्हती, कारण एमआरसीपीत, म्हणजे पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, सिस्ट आणि नलिका यांच्यात कुठेही दुवा सापडला नाही. शेपटीत एकटी वाढणारी श्लेष्मयुक्त सिस्ट बहुतांशी मध्यमवयीन स्त्रियांमध्ये आढळते, कारण तिच्या भिंतीत अंडाशयासारखी पेशीजाळी असते. पुरुषांत ती इतकी विरळ असते की पुरुषाच्या बाबतीत हे निदान लिहिण्यापूर्वी पुन्हा एकदा विचार करावा. मधाच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची, मध्यभागी चट्टा असलेली पातळ द्रवाची सिस्टही अधिककरून वयस्क स्त्रियांत असते आणि ती जवळजवळ नेहमी निरुपद्रवी राहते, परंतु येथे बारीक कप्पे नव्हते.

एमआरआयने जे दाखवले ते थोडे वेगळे होते. सिस्ट स्वादुपिंडाच्या आत रुतलेली नसून कडेने बाहेर डोकावत होती, भिंत सारख्या जाडीची होती आणि भिंतीवर कुठेही आत वाढणारा घट्ट उंचवटा नव्हता. आतला पदार्थ मात्र साध्या पाण्याइतका तेजस्वी दिसत नव्हता, आणि पेशींची किंवा घट्ट प्रथिनांची दाटी दाखवणाऱ्या विसरण-प्रतिमेत तो ठळक झाला होता. रेडिओलॉजिस्टने अहवालात ‘घट्ट पदार्थाने भरलेली सिस्ट, घन गाठ नाकारता येत नाही’ असे लिहिले. अहवालातील हे वाक्य प्रामाणिक होते, पण घरच्यांनी ते वाचले आणि त्यांची झोप उडाली.

मराठवाड्यात, आणि विशेषतः मेंढपाळ कुटुंबातील रुग्णाच्या बाबतीत, येथे एक पायरी अशी येते की जी परदेशी मार्गदर्शिकांत तळटीपेपुरतीच असते. ती म्हणजे हायडॅटिड. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका लहान फीतकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, मेंढ्या आणि माणसे चुकून ती पोटात घेतात, आणि त्यातून यकृतात किंवा फुफ्फुसात सिस्ट वाढते. स्वादुपिंडात ती फार क्वचित होते, परंतु क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. ज्याच्या अंगणात कुत्रा, वाड्यात मेंढ्या आणि प्यायला विहिरीचे पाणी आहे, त्याच्या गाठीत सुई घालण्याआधी हा विचार झालाच पाहिजे, कारण हायडॅटिड सिस्टमधला द्रव पोटात सांडला तर जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि कृमीचे अंश इतरत्र पसरून नव्या सिस्टही उगवू शकतात.

आम्ही यकृत आणि फुफ्फुसे तपासली, ती स्वच्छ होती. हायडॅटिडसाठीची प्रतिपिंड-चाचणी नकारात्मक आली. यकृताबाहेरच्या हायडॅटिडमध्ये ही चाचणी बऱ्याचदा खोटी नकारात्मक येते, हे लक्षात ठेवून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवली नाही. आतल्या बाजूला सुटलेला पडदा, मोठ्या सिस्टच्या पोटात बनलेल्या लहान सिस्ट, भिंतीतला कॅल्शियम यांपैकी काहीच एमआरआयमध्ये नव्हते. तरीही सुई घालण्याच्या दिवशी अ‍ॅड्रेनलिन तयार ठेवले आणि भूलतज्ज्ञांना आधी कल्पना दिली. ही तयारी वाया गेली याचा आनंदच आहे.

सुईची तपासणी ही एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने करायची असते, म्हणजे दुर्बीण तोंडावाटे जठरापर्यंत न्यायची आणि तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने जठराच्या भिंतीतून पलीकडच्या स्वादुपिंडाकडे पाहत सुई पुढे सरकवायची. ही सोय तालुक्याच्या गावी नाही, आणि त्यासाठी रुग्णाला छत्रपती संभाजीनगरला यावे लागले. दुर्बिणीतून पाहता सिस्टचा आतला भाग पाण्यासारखा काळा नसून बारीक कणांनी भरलेला, जवळजवळ घन दिसत होता. सुई आत गेल्यावर द्रव सहज ओढला जाईना. थोडा ताण दिल्यावर जे आले ते पाणी नव्हते, श्लेष्माही नव्हता; ते फिकट पिवळसर, दाट, साईसारखे आणि मध्ये मध्ये पांढरे कण असलेले होते. श्लेष्मा बोटांच्या चिमटीत धरून ताणला तर त्याची तार होते, याची तार होत नव्हती. प्रयोगशाळेच्या आकड्यांआधीच निदानाची दिशा येथे वळली.

द्रवाचे निकाल आले तेव्हा पहिला आकडा पाहून गोंधळ झाला. द्रवातील सीईए, म्हणजे श्लेष्मा बनवणाऱ्या सिस्टमध्ये सहसा वाढणारे एक प्रथिन, ८७० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होता. हा आकडा १९२ पेक्षा जास्त असेल तर सिस्ट श्लेष्मयुक्त समजावी, असा निकष अमेरिकेतील एका बहुकेंद्री अभ्यासातून २००४ मध्ये रूढ झाला. पण त्या अभ्यासातच त्याची अचूकता सुमारे ७९ टक्के निघाली होती, म्हणजे पाचातला एक निर्णय तो चुकवतो. शिवाय ज्या सिस्टचे अस्तर त्वचेसारख्या चपट्या पेशींचे असते, त्या पेशीही सीईए बनवतात. तेव्हा येथे आकडा मोठा असणे म्हणजे श्लेष्मा असणे असा अर्थ काढता येत नव्हता. अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातील पाचक घटक, ८५ होते. खोट्या सिस्टमध्ये ते सहसा कितीतरी पटींनी जास्त असते आणि २५० पेक्षा कमी असेल तर ती शक्यता व्यवहारात मिटते, त्यामुळे तो मुद्दा संपला. सूक्ष्मदर्शकाखाली कृमीचे हूक किंवा डोकी दिसली नाहीत.

पेशींचा अहवाल आला तो असा : केंद्रक नसलेल्या चपट्या पेशींचे थर, केराटिनचा (त्वचा-नखांतील कठीण प्रथिनाचा) कचरा, कोलेस्टेरॉलचे स्फटिक, काही मोठ्या भक्षक पेशी आणि मोजक्या लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी. श्लेष्मा नाही. विकृत केंद्रके नाहीत. ‘लिम्फोएपिथेलियल सिस्टशी सुसंगत’ असे पॅथॉलॉजिस्टने लिहिले होते.

ही सिस्ट दुर्मिळ आहे आणि तिची नोंदही वैद्यकात तशी अलीकडचीच आहे. १९८५ मध्ये ल्युख्ट्राथ आणि श्रिफर्स यांनी जर्मन भाषेत तिचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले आणि लिम्फोएपिथेलियल हे नाव दोन वर्षांनी ट्रुओंग व सहकाऱ्यांच्या लेखातून रूढ झाले. स्वादुपिंडाच्या सर्व सिस्टमध्ये तिचा वाटा सुमारे अर्धा टक्का. ती मुख्यतः पुरुषांत आढळते, चार पुरुषांमागे एक स्त्री असे प्रमाण सांगितले जाते, आणि रुग्णाचे सरासरी वय पन्नाशीच्या मध्यावर येते. आतून चपट्या पेशींचे, केराटिन टाकणारे अस्तर आणि त्याभोवती लिम्फाभ ऊती, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा थर, अशी तिची रचना असते. लाळग्रंथीतील सारख्याच नावाच्या सिस्टचा संबंध एचआयव्ही किंवा स्वप्रतिरक्षा-विकारांशी असतो, स्वादुपिंडातील सिस्टचा तसा संबंध दिसत नाही. सीए १९-९ तिच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत वाढलेला सापडतो. आपल्या रुग्णाच्या बाबतीत ही सर्व वर्णने एकेक करून जुळत गेली आणि ज्या आकड्याने भीती घातली होती तो आकडाही त्याच चित्रात बसला.

तरीही विभागातील बैठकीत मतभेद झाला, आणि तो या प्रकरणातील सर्वात उपयुक्त भाग होता असे मला वाटते. शल्यचिकित्सक सहकाऱ्यांचा आक्षेप असा होता की लिम्फोसाइट मोजक्याच आहेत, आणि चपट्या पेशी केवळ याच सिस्टमध्ये सापडतात असे नाही. स्वादुपिंडाच्या शेपटीत दडलेल्या जादा प्लीहेत तयार होणारी एपिडर्मॉइड (त्वचेसारख्या अस्तराची) सिस्ट, डर्मॉइड (केस, तेलग्रंथी असे त्वचेचे घटक असलेली) सिस्ट, नलिकेतील चपट्या अस्तराची सिस्ट, अगदी क्वचित अ‍ॅडेनोस्क्वेमस (ग्रंथीच्या आणि चपट्या अशा दोन्ही पेशींचा) कर्करोग, यांतही त्या दिसतात. मग नाव पक्के नसताना ‘सुसंगत’ या एका शब्दावर रुग्णाला घरी पाठवायचे का, हा त्यांचा रास्त प्रश्न.

यावर चर्चा करताना आम्ही यादी उलट बाजूने वाचली. लिम्फोएपिथेलियल, एपिडर्मॉइड, नलिकेतील चपट्या अस्तराची आणि डर्मॉइड, या चारही बहुतांशी निरुपद्रवी सिस्ट आहेत आणि लक्षणे नसतील तर चौघींचाही पहिला उपाय सारखाच, म्हणजे लक्ष ठेवणे. त्यांच्यातील नेमके नाव ठरवण्यासाठी गाठ काढणे हा एक मार्ग आहे हे खरे, परंतु नावासाठी प्लीहा आणि स्वादुपिंडाचा तुकडा देणे फार महाग पडते. यादीतला खरा धोकादायक असा एकच उरतो, अ‍ॅडेनोस्क्वेमस कर्करोग, आणि तो अशा सुबक भिंतीच्या, कडेने डोकावणाऱ्या सिस्टच्या रूपात येत नाही. तो घन असतो, सभोवती घुसतो, त्याच्या पेशी बेढब असतात आणि रुग्ण सहसा वजन गमावत असतो. आपल्या रुग्णाचे वजन स्थिर होते आणि मधुमेहही नव्याने झालेला नव्हता, जो या वयात झाला असता तर स्वतःच एक इशारा ठरला असता. तेव्हा नाव अपूर्ण राहिले तरी निर्णय पूर्ण होऊ शकत होता. शेपटीतील जादा प्लीहेची शंका मिटवण्यासाठी एमआरआय पुन्हा पाहिला. भिंतीची चमक कोणत्याही टप्प्यात प्लीहेसारखी नव्हती. आणखी एक सुई घालून नमुना घ्यावा का, यावरही बोलणे झाले, पण दुसऱ्या सुईने निर्णय बदलण्याची शक्यता कमी आणि संसर्ग किंवा दाहाचा धोका मात्र नव्याने पत्करावा लागणार, म्हणून ती टाळली.

शस्त्रक्रियेची बाजू आम्ही कमी लेखली नाही. शेपटीकडचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया अनुभवी हातांत सुरक्षित असते आणि मृत्यूचे प्रमाण थोडेच असते. मात्र कापलेल्या टोकातून स्वादुपिंडाचा पाचक रस झिरपत राहणे ही गुंतागुंत, मोठ्या केंद्रांतही, चार-पाचांत एकाला होते. प्लीहा गेल्यास न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लसी द्याव्या लागतात आणि पुढे आयुष्यभर साध्या तापाकडेही दुर्लक्ष करता येत नाही. काहींना मधुमेहही होतो. शेळ्यांमागे रानात फिरणाऱ्या, तालुक्याच्या दवाखान्यापासून दूर राहणाऱ्या माणसाला ‘ताप आला की त्याच दिवशी या’ हे सांगणे सोपे असते, पाळणे सोपे नसते. एका निरुपद्रवी सिस्टसाठी हा सौदा परवडत नव्हता.

घरच्यांना हे पटवणे हे वेगळे काम होते. मुलाने सरळ विचारले, “डॉक्टरसाहेब, गाठ हाये म्हनता, आन् काढून कामून टाकत न्हाईत? आण्णांचं वय झालं म्हून का?” त्याच्या मनातली शंका वाजवी होती. शस्त्रक्रिया नको म्हणणे म्हणजे आशा सोडणे, असा अर्थ गावाकडे लावला जातो आणि तसा अर्थ लावण्याइतके अनुभव लोकांना आलेलेही असतात. त्याला एमआरआयचे चित्र दाखवले, द्रवाचा साईसारखा नमुना दाखवला, आणि कर्करोगाच्या पेशी सापडल्या असत्या तर आम्हीच शस्त्रक्रियेची तारीख दिली असती, हे स्पष्ट सांगितले. आण्णा स्वतः मात्र पहिल्यापासून शांत होते. दुखणे थांबल्यावर त्यांच्यासाठी गाठीचा विषय जवळजवळ संपला होता, आणि आमची खरी चिंता नेमकी हीच होती की ते पुढच्या तपासणीला येणारच नाहीत.

खर्चाचा एक वेडावाकडा तिढाही येथे दिसला. भरती होऊन केलेल्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो, पण बाहेरून करायचा एमआरआय आणि त्यासाठीचे येणे-जाणे यांचा खर्च या कुटुंबालाच करावा लागला. व्यवस्थेच्या हिशेबात लक्ष ठेवण्यापेक्षा कापणे स्वस्त पडते. रुग्ण ‘काढून टाका’ म्हणतात त्यामागे भीतीइतकाच हाही हिशेब असतो, आणि तो आपण विचारात घेतला नाही तर पाठपुरावा केवळ कागदावर राहतो. म्हणून आम्ही तपासण्या कमीत कमी ठेवल्या. सहा महिन्यांनी पहिला एमआरआय, त्यानंतर वर्षाने एक. रक्तातील सीए १९-९ दर फेरीला पाहिला नाही, कारण तो सिस्टमुळेच वाढलेला आहे हे कळल्यानंतर त्याचा चढउतार भीतीखेरीज काही देणार नव्हता.

सहा महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये सिस्ट ४.६ सेंटिमीटरचीच होती, आणि पुढच्या वर्षीही तिच्यात दखलपात्र फरक पडला नाही. मधल्या काळात गुडघ्यांसाठी त्यांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या बंद करून व्यायाम आणि पोटाला सौम्य असा पर्याय दिला. कागदावर आम्ही चार अटी ठळक अक्षरांत लिहून दिल्या आहेत, ज्यांपैकी एकही घडली तर शस्त्रक्रियेचा विषय पुन्हा उघडायचा : सिस्टच्या भिंतीवर घट्ट उंचवटा दिसणे, मुख्य नलिका रुंदावणे, दोन तपासण्यांमधील वाढ स्पष्टपणे मोजता येण्याइतकी असणे, किंवा कावीळ, कारण नसता वजन घटणे अथवा नवा मधुमेह यांपैकी काही होणे. वैद्यकीय कारण नसलेली एक पाचवी नोंदही त्यात आहे. मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात, त्यामुळे आण्णांसोबत येणारे कुणी त्या काळात घरी नसते. पुढचा एमआरआय म्हणून गुढीपाडव्यानंतर ठेवला आहे, आणि तोवर पाटोद्याच्या परिसरातील आशा ताईंकडे रुग्णाच्या संमतीने या चार अटींची प्रत दिली आहे.